राजाला जावई मिळत नव्हता

संध्याकाळी पाचच्या सुमारास तात्या राजवाड्याच्या फाटकाशी येऊन उभे राहत. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट आणि हातात छत्री. पाऊस असो नसो, छत्री असायचीच, कारण ती पावसासाठी नव्हतीच. आतून बाहेर पडणाऱ्या पर्यटकांतला एखादा चेहरा ते निवडत, छत्रीचं टोक त्याच्या वाटेत टेकवत आणि विचारत, "काय पाहिलंत?" माणूस म्हणे, "राजवाडा." तात्या खेदानं मान हलवत. "छे छे. फुकट गेली तुमची फेरी."

मी कोल्हापूरकडची. रत्नागिरीच्या कॉलेजात भूगोल शिकवायला रुजू झाले आणि पहिल्याच रविवारी ती छत्री माझ्या वाटेत आली.

"राजवाड्यात राजा राहतो, बाई," तात्या म्हणाले. "इथे कैदी राहत होता. ब्रह्मदेशचा राजा. इंग्रजांनी राज्य घेतलं आणि राजा, राणी, पोरी, सगळं बिऱ्हाड उचलून इथे आणून ठेवलं. कोठडीत टाकला असता तर तिकडे लोक पेटले असते. मारला असता तर त्याचा देव झाला असता. शिंचे हुशार! त्यांनी काय केलं, खाडी दिसेल असा उंचावर वाडा बांधून दिला. सागवान काय, रंगीत काचा काय. आता मला सांगा, वाडा असलेला माणूस पळून जातो कधी? तो वाड्याच्या तक्रारी करत बसतो. इकडे गळतं, तिकडचा रंग उडाला."

तोवर आजूबाजूला पाचसहा माणसं जमलेली असत. मग तात्यांचा आवाज चढे. "राज्य नाही, फौज नाही, खजिना नाही. पण नोकर त्याच्यापुढे गुडघ्यांवर सरकत यायचे, असं सांगतात. बास! जोवर एक तरी माणूस गुडघे टेकतोय, तोवर राजा राजाच." शेवटी यायच्या राजकन्या. "चार पोरी. लग्नाला आल्या. आता रत्नागिरीत राजा कोण? हाच एकटा. मग जावई आणायचा कुठून? मामलेदार चालत नाही, वकील चालत नाही. पोरी वाढतायत, बाप दुर्बीण घेऊन गच्चीत उभा. कशासाठी? तर एखादा राजपुत्र पडावातून मिरकरवाड्याच्या बंदरात उतरेल म्हणून!" लोक पोट धरून हसत. त्या दिवशी मीही हसले. हसता हसता कळलं की हे गृहस्थ राजवाड्याच्या खालच्याच उतारावर राहतात आणि त्यांच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्या आहेत. आठवड्याभरात मी तात्यांची भाडेकरू झाले, ती वीसेक वर्षं.

तात्यांचं घराणं संगमेश्वरच्या बाजूच्या एका गावचं, खोतांचं. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा आणि गावावर हुकूम चालवणारा. जमिनी कसणारी कुळं त्याच्या ओटीवर चढायची नाहीत, खाली अंगणात बसायची. तात्या लहान असताना खोती कायद्यानं गेली. पुढे जमिनीही कसणाऱ्या कुळांच्या झाल्या. तात्यांच्या वाट्याला उरली एक आंब्याची बाग, शहरातलं हे कौलारू घर आणि शिमग्यात देवाची पालखी पहिल्यांदा खोतांच्या अंगणात येण्याचा मान. शिमगा जवळ आला की तात्या आठ दिवस आधी गावाला जाऊन अंगण सारवून घेत. एका वर्षी गावानं बैठक घेतली आणि पालखी वाडीवाडीनं पाळीपाळीनं फिरेल असं ठरवलं. तात्या परत आले ते पुन्हा शिमग्याला गेलेच नाहीत. त्यावर ते कधी विनोद करत नसत. तेवढी एकच गोष्ट होती जिच्यावर त्यांनी विनोद केला नाही.

बाकी जगात त्यांच्या तोंडातून काही सुटलं नाही. माझे वडील गेले तेव्हा गावी पोचायला मला सोबत नव्हती, तर तात्या न विचारता एसटीत माझ्या शेजारी येऊन बसले. आंबा घाट चढताना मी रडत होते आणि हा माणूस कंडक्टरच्या टोपीवर असं काही बोलला की मला हसू फुटलं, आणि हसल्याची लाज वाटून पुन्हा रडू आलं. "रडा, रडा," ते म्हणाले, "पण मधे मधे हसा. नाहीतर नाक चोंदतं." वडिलांच्या दहाव्यापर्यंत ते आमच्या घरी थांबले. माझी आई मरेपर्यंत त्यांची आठवण काढायची. मला तात्या आवडत होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते ऐकून तुम्हाला वाटेल की मी त्यांच्यावर डूख धरून बसले आहे.

त्यांना एकच मुलगी, उषा. आई लवकर गेलेली. मी राहायला आले तेव्हा ती पंचविशीच्या आतबाहेर असेल. बी.एस्सी. झालेली, उजळ, हसरी, बापासारखीच नक्कल करण्यात तरबेज. पुण्याच्या एका कंपनीत तिला नोकरी लागली होती. तात्या म्हणाले, "जा की. मी कधी नाही म्हटलंय? फक्त एक सांग, तिथे तुझा साहेब कोण? त्याचं आडनाव काय?" आणि त्या साहेबाच्या आडनावावरून त्यांनी दोन दिवस असा धुडगूस घातला की त्याच्या हाताखाली काम करण्याची कल्पनाच उषाला हास्यास्पद वाटू लागली. ती गेली नाही. आंब्याचा व्यवहार, घर आणि तात्या एवढंच ती बघत राहिली.

स्थळांचंही तेच. चिपळूणचा इंजिनिअर आला. तात्यांनी त्याला पोटभर खाऊ घातलं, निघताना पायरीपर्यंत पोचवलं, आणि तो गेल्यावर त्याच्या चमचा धरण्याची नक्कल केली. "मुलगा उत्तम आहे हो. पण शिऱ्यात चमचा असा खुपसतो, जसा काही विहिरीचं पाणी किती खोल आहे ते बघतोय." उषा हसून हसून खाली बसली. मग त्या मुलाला होकार कसा देणार? ठाण्याचा एक जण चालताना बदकासारखा दिसला, एकाच्या बोलण्यात 'ॲक्च्युअली' फार यायचं, एकाची आई नथ सावरताना जीभ बाहेर काढायची. तात्यांनी कधी कुणाला नकार दिला नाही. "नकार द्यायचा असतो तो बरोबरीच्यांना," ते मला म्हणाले होते, "बाकीच्यांना आपण उशीर करायचा. मग ते आपले आपण जातात." मला तेव्हा ते वाक्य नुसतंच चतुर वाटलं.

सुधीर माझ्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. उंच, सावळा, कमी बोलणारा. माझ्याकडे पुस्तकं घ्यायला यायचा आणि अंगणातल्या झाडांखाली उषाशी बोलत उभा राहायचा. कुठल्या कलमाला कसला रोग पडलाय हे बघता बघता दोघांचं जमलं. एका रात्री उषानं मला येऊन सांगितलं. "ह्याची नक्कल नाही करता येत, मंगल," ती म्हणाली. "मी करून बघितली. येतच नाही." मला वाटलं, झालं, सुटली ही पोरगी. अडचण एवढीच होती की सुधीर तात्यांच्याच गावचा आणि त्याचे आजोबा खोतांचं कूळ. त्यांनी कसलेली जमीन आता सुधीरच्या वडिलांच्या नावावर होती.

सुधीर सरळ माणूस. पळून जाऊन लग्न करणं त्याला पसंत नव्हतं. रीतसर मागणी घालायची म्हणून एका सकाळी तो वडिलांना घेऊन आला. वडील, बाळाराम, धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात नारळ. मी आणि उषा स्वयंपाकघरात होतो. मधलं दार अर्धं उघडं होतं. उषानं नवी साडी नेसली होती आणि पोहे परतताना तिच्या हातून दोनदा उलथनं पडलं.

"या या, बाळाराम," तात्यांचा आवाज आला. "बसा. अहो, खाली काय बसताय, खुर्चीवर बसा. आता सगळे खुर्चीवरच बसतात." मग आत वळून, "उषे, चहा आण गो. बाहेरच्या ग्लासांत आण, कपांना हल्ली टवके उडालेत." बाहेरचे ग्लास म्हणजे बागेतल्या गड्यांचे, पडवीतल्या फळीवर उपडे घातलेले. उषा तशीच उभी राहिली. मी कपबश्या काढल्या, पण ट्रे उचलायची वेळच आली नाही.

"तात्यांनू, जरा बोलायचा व्हता," बाळाराम म्हणाले.

"कळलं मला, कळलं. पण उशीर केलात हो. बागेची राखण दिली मी यंदा."

"राखण नाय वो..."

"बाग चांगली मोहरलीय, माणूस लागतोच. पण तो पावस गावचा पोरगा महिनाभर मागे लागला होता, त्याला शब्द दिला. तुम्ही आधी आला असतात तर तुमच्या मुलालाच ठेवला असता. धट्टाकट्टा दिसतोय."

"आमी कामाला नाय आलाव, तात्यांनू. ह्यो माझा सुधीर. कालेजात शिकवतो. आमी आलाव ते..."

"अरे वा! कॉलेजात! म्हणजे दिवसा मोकळा नसणार." तात्यांच्या स्वरात खरोखरीची काळजी होती. "मग वानरांचं कसं जमायचं? वानरं काही कॉलेज सुटायची वाट बघत नाहीत. का हा त्यांनाही शिकवणार?"

आणि उषा हसली.

मी तिच्या शेजारी उभी होते म्हणून मला माहीत आहे, ते हसू आनंदाचं नव्हतं. तिचे डोळे भरलेले होते. पण आयुष्यभर तात्यांच्या वाक्याला जे हसू यायचं ते सवयीनं आलं, तोंडावर हात जायच्या आत बाहेर पडलं, आणि ते अर्ध्या दारातून ओटीवर गेलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "चल, बाबा," सुधीर म्हणाला. बाळाराम नारळ तिथेच ठेवून गेले. तात्यांनी तो आत आणून दिला. "बिचारे. कामाला आले होते," ते म्हणाले. "पाणी बघ गो ह्याला किती आहे. सोलकढीला घे."

मी त्या दिवशी पहिल्यांदा तात्यांवर ओरडले. म्हटलं, कुणाचा असा अपमान करतात का? ते शांतपणे म्हणाले, "अपमान? अपमान बरोबरीच्याचा करतात, बाई. मी चहा विचारला." उषा सुधीरला भेटायला गेली, एकदा नाही, कितीदा तरी. तो तिच्याशी नीट बोलला. रागावलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "तात्यांचं मला काही वाटलं नाही. ते तसं करणार हे आम्ही धरूनच चाललो होतो." पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. त्यानं बदली मागून घेतली नाही, की आमच्याशी बोलणं टाकलं नाही. तो रोज माझ्यासमोर स्टाफरूममध्ये डबा उघडायचा, आणि ते मला फार जड जायचं.

घरात मात्र काही बदललं नाही, आणि हेच मला कळेना. तात्या बोलत आणि उषा हसे. स्थळं येणं बंद झालं. तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं. संध्याकाळी तात्या छत्री घेऊन वर जात आणि राजाच्या चार पोरींची गोष्ट सांगून लोकांना हसवून येत. कधी पर्यटकांना घरीही आणत, उषा त्यांना कोकम सरबत देई, आणि तात्या तिच्यादेखत म्हणत, "बाप दुर्बीण घेऊन गच्चीत उभा!" पाहुणे हसत, उषा हसे. ग्लास घेऊन आत येई तेव्हाही तिच्या चेहऱ्यावर ते हसू तसंच असायचं.

मला वाटायचं, ह्यांना दिसत नाही. स्वतःच्या विनोदानं माणूस आंधळा झालाय. शेवटी एका दुपारी, उषा चाळिशीच्या पुष्कळ पुढे गेली होती तेव्हा, मी ओटीवर बसून त्यांना विचारलंच. "तात्या, त्या राजाला तुम्ही रोज हसता. उषाकडे बघून तुम्हाला कधी काही वाटत नाही?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनोद नव्हता.

"बाई, मी काय आंधळा आहे?" ते म्हणाले. "पहिल्यापासून दिसतंय मला. त्या राजालाही दिसत होतं. तो मूर्ख होता असं लोकांना सांगायला बरं वाटतं. तो मूर्ख नव्हता. त्याच्याकडे दुसरं उरलं काय होतं? खोती गेली, जमिनी गेल्या, पालखी अंगणात यायची ती गेली. बाळारामच्या घरात आणि माझ्या घरात आता फरक काय आहे? त्याचं घर पक्कं आहे, माझं गळतं. एकच फरक राहिलाय. माझी मुलगी त्याच्या घरात नाही. ती दिली की मी संपलो. ती गोड पोर आहे, पण मला तिच्याहून ते मोठं आहे. खोटं कशाला बोलू?"

उषा चहा घेऊन दारात उभी होती. कधीपासून, ते मला माहीत नाही. तिनं पुढे येऊन कप तात्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "निवेल हां." तात्यांचा चेहरा क्षणभर पडला. पण गडी पक्का. कपात बघून म्हणाले, "दूध एवढं कमी घातलंस गो, गाय संपावर आहे की काय?"

उषा हसली नाही.

त्या दिवशी मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. आठवडा गेला तेव्हा लक्षात आलं. ती रागावलेली नव्हती, अबोला नव्हता. वेळेवर जेवण, वेळेवर औषध, "तात्या, आंघोळीचं पाणी काढलंय," सगळं पहिल्यासारखं. फक्त तात्या काही बोलले की ती त्यांच्याकडे नीट बघे, वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबे आणि म्हणे, "हं." मग कामाला लागे. माझ्या खोलीत ती हसायची, बाजारात हसायची. तात्यांपुढे नाही.

हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर खचत गेला. आधी त्यांनी गंमत समजून नवनवीन विनोद रचले. मग जुने, हमखास हशा मिळवलेले बाहेर काढले. चिपळूणच्या इंजिनिअरचा चमचा पुन्हा करून दाखवला, म्हाताऱ्या थरथरत्या हातानं, आणि ते बघवेना. "अगो, ऐकलंस का नाही?" "ऐकलं, तात्या. छान आहे." राजवाड्यावर जाणं हळूहळू सुटलं. लोक हसत होते तिथे, अजूनही हसत होते, पण ते मला म्हणाले, "परक्यांच्या हसण्यानं काही पोट भरत नाही." एकदा उषा बाजारात गेलेली असताना त्यांनी माझा हात धरला. "तिला सांगा ना," ते म्हणाले. "एकदाच. खोटं हसली तरी चालेल." मी उषाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुझ्याकडे उद्या पाहुणे किती यायचेत? त्याप्रमाणे तांदूळ भिजत घालते."

पावसाळा संपता संपता तात्या अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं. शेवटच्या सकाळी आळीतली माणसं जमली होती. त्यात सुधीरही होता, दाराशी उभा. शेजारच्या जोगळेकरकाकांनी काशीहून आणलेली गंगेची सीलबंद लोटी फोडली आणि चमच्यानं तात्यांच्या तोंडात पाणी घातलं. तात्यांनी ते जिभेवर घोळवलं. डोळे उघडले. आवाज अगदी बारीक, पण प्रत्येक शब्द स्वच्छ.

"जोगळेकर, तुम्हाला फसवलं. गंगेला क्लोरीनचा वास कधीपासून?"

सगळे हसले. रडत होते तेही हसले. जोगळेकरकाका तर लोटी हातात घेऊन खदखदून हसत होते. सुधीर हसला, मी हसले. तात्यांनी आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही. ते उषाकडे बघत होते. ती उशाशी बसली होती. तिनं पुढे वाकून त्यांच्या ओठांच्या कडेनं ओघळलेलं पाणी टॉवेलनं टिपलं आणि तशीच बसून राहिली. तात्या तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं जोगळेकरकाकांना कळलं की ते आता बघत नाहीत.

सगळं आटोपल्यावर, तेरावा झाल्यानंतर, आम्ही दोघी मागच्या अंगणात बसलो होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "उषा, शेवटचं तरी. एवढंच तर हवं होतं गं त्यांना."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आणि मंगल, विनोद फार चांगला होता. इतका चांगला त्यांनी कितीतरी वर्षांत केला नव्हता. मला इतकं हसू आलं होतं की मी जीभ दातांखाली धरली होती. रक्त आलं."

तिनं साडीवरचं काहीतरी झटकलं.

"पण दिलं नाही," ती म्हणाली.